मोजून लिहिणारा देश

इसवी सनापूर्वी ९०च्या आसपास सिमा च्येन या चिनी इतिहासकाराने आपल्या ग्रंथाच्या शेवटच्या प्रकरणात एक हिशोब लिहून ठेवला: प्रकरणं १३०, अक्षरं ५,२६,५००. ग्रंथाचं नाव 'शी-जी', आणि त्यात दंतकथांमधल्या सम्राटांपासून स्वतःच्या हयातीपर्यंतचा इतिहास. लिहायला कागद अजून रुळला नव्हता. बांबूच्या अरुंद पट्ट्यांवर लिहायचं आणि त्या दोऱ्याने ओवून गुंडाळायच्या. एका पट्टीवर तीसेक अक्षरं धरली तर पट्ट्या होतात साडेसतरा हजार. एवढा पसारा आवरून झाल्यावर हा गृहस्थ अक्षरं मोजत बसला होता.

तसं करायला त्याच्याकडे कारण होतं. शत्रूला शरण गेलेल्या एका सेनापतीची बाजू दरबारात घेतल्याबद्दल त्याला देहदंड सुनावला गेला होता. भरपाई देऊन सुटण्याइतका पैसा जवळ नव्हता. ग्रंथ अर्धवट होता, म्हणून त्याने मरणाऐवजी खच्ची होणं पत्करलं आणि लिहीत राहिला. ग्रंथ पुरा झाल्यावर एक प्रत डोंगरात सुरक्षित ठेवली, दुसरी राजधानीत. अक्षरांचा आकडा मला तरी पावतीसारखा वाटतो; पुढे कोणी काही काढलं किंवा घुसडलं तर पकडता यावं म्हणून दिलेली. पावणेदोनशे वर्षांनी बान गू या दुसऱ्या इतिहासकाराने यादी ताडून पाहिली, तेव्हा १० प्रकरणं नुसती नावापुरती उरली होती.

चिनी साहित्य आणि सिनेमाच्या नादी लागलेल्या परक्या माणसाची पहिली गाठ पडते ती अशा आकड्यांशी. कादंबरी उघडावी तर चारशे पात्रं, शब्दकोश उघडावा तर ४७ हजार अक्षरं. (१७१६ सालच्या कांगशी कोशात ती ४७,०३५ आहेत. रोजच्या वाचनाला साडेतीन हजार पुरतात, हा दिलासा मात्र सुरुवातीला कोणी देत नाही.) डोळे पांढरे होतात आणि पुष्कळ जण उंबरठ्यावरूनच परत फिरतात. मला विचाराल तर भिण्याआधी आकड्यालाच दोन प्रश्न करावेत: हे मोजलं कोणी, आणि त्यातलं उरलं किती?

योंगले सम्राटाच्या ज्ञानकोशाला हे प्रश्न विचारून बघा. १४०२ मध्ये मिंग घराण्यातल्या एका काकाने पुतण्याची गादी बळकावली. (काका-पुतण्याचं राजकारण मराठी वाचकाला समजावून सांगायला नको.) योंगले हे नाव घेऊन तो सम्राट झाला आणि पुढच्याच वर्षी त्याने फर्मान काढलं की आजवर जे जे लिहिलं गेलं ते सगळं एका जागी आणा. १४७ विद्वानांनी घाईघाईने एक संकलन तयार केलं. सम्राटाने नाक मुरडलं. मग नानजिंगमध्ये दोन हजारांवर माणसं कामाला बसवली गेली आणि १४०८ मध्ये काम संपलं: २२,८७७ प्रकरणं, ११,०९५ बाडं, सुमारे ३७ कोटी अक्षरं. शेती, वैद्यक, ज्योतिष, नाटकं, बांधकाम, कर्मकांड, सगळं त्यात होतं. मिनिटाला तीनशे अक्षरं या वेगाने, रोज आठ तास, एकही सुट्टी न घेता वाचायला बसलात तर सात वर्षं लागतील. जगातला सर्वांत मोठा ज्ञानकोश हा मान त्याच्याकडे जवळपास सहाशे वर्षं राहिला. २००७ मध्ये इंग्रजी विकिपीडियाने तो काढून घेतला.

एवढं छापणं म्हणजे खर्चाला अंत नव्हता, म्हणून हाताने लिहिलेली एकच प्रत. १५५७ मध्ये बीजिंगच्या राजवाड्यात आग लागली, प्रत थोडक्यात बचावली आणि तेव्हाच्या सम्राटाने धसका घेतला. १५६२ मध्ये नक्कल करायला १०९ लेखनिक बसवले. काम पाच वर्षं चाललं. भागाकार केला तर प्रत्येकाच्या वाट्याला रोज अठराशे-एकोणीसशे अक्षरं येतात, तीही बारा महिने तेरा काळ. आज उरलेल्या बाडांची पानं पाहिली की त्या कामाची नीट कल्पना येते. मजकूर काळ्या शाईत, ज्या ग्रंथातून उतारा घेतला त्याचं नाव लाल शाईत, वर पिवळ्या रेशमाची बांधणी, आणि बाड उभं धरलं तर उंची जवळजवळ अर्धा मीटर. अक्षर कुठेही थकलेलं दिसत नाही.

मूळ प्रत पुढे नाहीशी झाली, ती कशी हे कोणालाच ठाऊक नाही. नकलेतली बाडं अधिकाऱ्यांनी लांबवली, आणि १९०० मध्ये बॉक्सर बंडाच्या वेळी हानलिन अकादमीला लागलेल्या आगीत उरलीसुरली होरपळली किंवा पांगली. आज जगभरात मिळून सुमारे ४०० बाडं आहेत, म्हणजे चार टक्क्यांहूनही कमी. २०२० मध्ये पॅरिसच्या एका लिलावात त्यातली दोन निघाली. अंदाजी किंमत काही हजार युरो लावली होती. गेली ऐंशी लाख युरोंहून जास्तीला.

योंगलेच्या पावलावर पाऊल टाकून साडेतीनशे वर्षांनी च्येनलोंग सम्राटाने 'सि-खु च्वान-शू' हा ग्रंथसंग्रह करवला. काम १७७३ मध्ये सुरू झालं. ३,४६१ ग्रंथ, ३६ हजारांवर बाडं, सुमारे ८० कोटी अक्षरं, ३,८०० हून अधिक लेखनिक. एका प्रतीवर आग काय करते ते ठाऊक होतं, म्हणून सात प्रती केल्या गेल्या आणि सात ठिकाणी ठेवल्या. म्हणजे हाताने लिहिलेली साडेपाचशे कोटींहून अधिक अक्षरं. राजवाड्यातल्या ग्रंथालयाची कौलंसुद्धा काळी घातली, कारण पंचतत्त्वांत काळा रंग पाण्याचा, आणि पाणी आगीला आवरतं.

पण या आकड्याची एक दुसरी बाजू आहे. पुस्तकं गोळा करण्याच्या निमित्ताने घराघरांतले संग्रह तपासले गेले, आणि मांचू राज्यकर्त्यांना झोंबणारं जे जे सापडलं ते नष्ट केलं गेलं. त्या ग्रंथांची संख्या तीन हजारांच्या घरात जाते. जितके ग्रंथ कपाटात गेले जवळजवळ तितकेच आगीत गेले, आणि दोन्हीचा हिशोब एकाच कचेरीने ठेवला. सात प्रतींपैकी एक १८६० मध्ये इंग्रज-फ्रेंच फौजांनी जाळलेल्या ग्रीष्मप्रासादात गेली, दोन तायपिंग बंडात. हांगझौची प्रत अर्धीअधिक गहाळ झाली, ती पुढे पुन्हा लिहून पुरी केली. आज बीजिंग, तायपेई, लानझौ आणि हांगझौ या चार शहरांत चार प्रती आहेत.

हाच च्येनलोंग कवीही होता. निदान त्याला तसं वाटे. त्याच्या नावावर चाळीस हजारांहून अधिक कविता आहेत. तो ८७ वर्षं जगला, म्हणजे सुमारे ३२ हजार दिवस. पाळण्यातल्या पहिल्या दिवसापासून रोज एक कविता केली असती तरी चाळीस हजार भरत नाहीत. चिनी शाळकरी मुलांना त्यातली एक तरी पाठ असते का? नसते. कवितेनेही समाधान झालं नाही की तो जुन्या चित्रांवर आणि सुलेखनाच्या तुकड्यांवर शेरे लिही, शिक्के मारी. वांग शी-झी या चौथ्या शतकातल्या सुलेखनकाराची म्हणून एक चिठ्ठी तायपेईच्या संग्रहालयात आहे. मित्राला लिहिलेल्या चार ओळी, अक्षरं फक्त २८. तिच्याभोवती नंतरच्या मालकांचे शिक्के, आणि च्येनलोंगने पुनःपुन्हा येऊन लिहिलेले कौतुकाचे शेरे. छायाचित्रात मूळ चिठ्ठी शोधावी लागते. रसिकतेचा हा छळच म्हणायचा.

आता दुसरं टोक पाहा. च्येनलोंगच्या आजोबांनी, म्हणजे कांगशी सम्राटाने, तांग काळातली झाडून सगळी कविता एकत्र करायचा हुकूम १७०५ मध्ये दिला. यांगझौमध्ये हे काम झालं: ९०० प्रकरणं, दोन हजार दोनशेंवर कवी, ४८,९०० हून अधिक कविता. तीनशे वर्षांतल्या बावीसशे कवींच्या जितक्या कविता उरल्या, जवळजवळ तितक्या एकट्या नातवाने लिहिल्या. आणि त्या बावीसशेंमध्ये झांग र्वोश्यू नावाचा एक कवी आहे. त्याच्या जेमतेम दोन कविता शिल्लक आहेत. त्यातली एक, वसंतातली नदी, फुलं आणि चंद्र यांवरची, अशी की जाणकार तिला सबंध तांग कवितेवर भारी मानत आले. एका कवितेवर हा माणूस तेराशे वर्षं टिकला आहे.

यांगझौच्या त्या कामावर देखरेख करणारा अधिकारी होता त्साओ यिन. सम्राटाच्या मर्जीतला, गर्भश्रीमंत, घरी नोकरचाकर आणि रेशीम. कांगशीनंतर गादीवर आलेल्या सम्राटाची मर्जी फिरली आणि १७२८ मध्ये घरादारावर जप्ती आली. त्याचा नातू त्साओ श्वे-छिन बीजिंगच्या वेशीबाहेर दारिद्र्यात राहिला आणि बुडालेल्या वैभवावर कादंबरी लिहीत बसला. दहा वर्षं लिहिली, पाच वेळा नव्याने रचली, तरी १७६०च्या दशकात तो गेला तेव्हा ८० प्रकरणंच हस्तलिखितात फिरत होती. १७९१ मध्ये ती १२० प्रकरणांची होऊन छापली गेली. हीच 'लाल महालातलं स्वप्न'. हिचा अभ्यास करणारी एक स्वतंत्र विद्याशाखाच चीनमध्ये आहे आणि शेवटची ४० प्रकरणं कोणाची यावर ती अजून भांडते आहे.

परक्या वाचकाने इथे घाबरायचं कारण पात्रांची संख्या. चारशेंहून जास्त. पण ती सैन्यासारखी एकदम अंगावर येत नाहीत. मोठ्या वाड्यात लग्नाला गेल्यावर जशी माणसं ओळखीची होत जातात, आधी आजी, मग तिच्या मर्जीतली सून, मग त्या सुनेची दासी, तशी ती येतात. पंधराव्या प्रकरणापर्यंत कोणाचं कोणाशी पटत नाही हे कळायला लागतं, आणि एकदा ते कळलं की कादंबरी हातातून सुटत नाही. इंग्रजीत ती आणण्यासाठी डेव्हिड हॉक्स यांनी १९७१ मध्ये ऑक्सफर्डच्या प्राध्यापकीचा राजीनामा दिला. पहिले तीन खंड त्यांचे, शेवटचे दोन त्यांचे जावई जॉन मिनफर्ड यांचे. पाचवा खंड १९८६ मध्ये निघाला.

'पश्चिमेची यात्रा' ही सोळाव्या शतकातली कादंबरी तर आकड्यांशी उघड उघड खेळते. तांग भिक्षू धर्मग्रंथ आणायला भारतात निघालाय. वाट १,०८,००० ली (अंतराचं चिनी माप) लांबीची, आणि सोबतच्या माकडाची एक कोलांटी नेमकी १,०८,००० लींचीच. तो एका उडीत जाऊन येऊ शकतो, गुरूला मात्र पायीच जायचं आहे. शेवटी ग्रंथ मिळतात, आणि करुणेची देवता खतावणी उघडून संकटं मोजते. ८० भरतात. नऊ नव्वे एक्याऐंशी व्हायला हवीत. एक कमी! मग घरी परतणाऱ्या यात्रेकरूंना ढगातून खाली उतरवलं जातं आणि एक कासव त्यांना ग्रंथांसकट नदीत बुडवतं. हिशोब पुरा. दिवसांचंही तसंच: प्रवासाचे ५,०४० दिवस झालेत आणि ग्रंथांच्या गुंडाळ्या ५,०४८, म्हणून आठ दिवसांचा मेळ घालून घेतला जातो. ५,०४८ ही संख्या लेखकाच्या मनातली नाही. ७३० मध्ये झालेल्या बौद्ध ग्रंथांच्या अधिकृत सूचीतला तो आकडा आहे.

खरा यात्रेकरू ह्युएन त्संग. तो ६४५ मध्ये परतला तेव्हा त्याच्याकडे ६५७ ग्रंथ होते, आणि पुढच्या एकोणीस वर्षांत त्याने ७५ ग्रंथांचं भाषांतर केलं: १,३३५ गुंडाळ्या, एक कोटी तीस लाखांच्या आसपास अक्षरं. हा आपल्याकडेही येऊन गेला. पुलकेशीच्या राज्यातली माणसं मानी, उपकार न विसरणारी आणि अपमान तर मुळीच न विसरणारी, असं तो नोंदवतो. लढाईआधी इथले वीर दारू पितात आणि हत्तींनाही पाजतात, हेही. पूर्वेकडच्या डोंगरातल्या ज्या लेण्यांचं वर्णन तो करतो ती अजिंठ्याची असावीत असं अभ्यासक मानतात.

आता आजच्या काळात येऊ. २००२ मध्ये शांघायमध्ये चिदियान ही कादंबऱ्यांची वेबसाइट सुरू झाली आणि पुढच्या वर्षी तिने पैसे घ्यायला सुरुवात केली. दर पुस्तकावर नाही, अक्षरांवर. हजार अक्षरांना काही फन. फन म्हणजे युआनचा शंभरावा भाग. कादंबरी रोज थोडी प्रसिद्ध होते, सुरुवातीची प्रकरणं फुकट, आणि वाचक अडकला की मीटर पडतो. हजाराला पाच फन धरले तर तीस लाख अक्षरांची कादंबरी १५० युआनला पडते, म्हणजे सतराअठराशे रुपये, तेही सुट्या चिल्लरमध्ये गेलेले. आणि तीस लाख अक्षरं ही या दुनियेत काही फार लांबी नाही. 'लाल महाल' अख्खी आठ लाखांच्या आत संपते.

दर अक्षरावर असला की काय होतं ते सांगायला नको. मारामारी तीन प्रकरणं चालते, बघ्यांच्या तोंडाचा आ आणखी एक प्रकरण वासलेला राहतो. वाचक चिडून 'पाणी घातलं' म्हणतात आणि तरीही दुसऱ्या दिवशी येतात. लेखकाने रोज चार हजार अक्षरं टाकावीत ही इथली साधी अपेक्षा. योंगलेच्या कोशाचा लेखनिक नुसती नक्कल करून त्याच्या निम्मी उतरवत होता. तांग जिया सान शाओ हे टोपणनाव घेतलेल्या लेखकाने सलग ८६ महिने एकही दिवस न चुकवता लिहिलं, त्याची गिनेसने नोंद घेतली. २०२३ अखेर या कादंबऱ्यांचे वाचक ५२ कोटींवर होते. कादंबऱ्यांची संख्या तीन कोटींच्या पुढे. यातलं बहुतेक टाकाऊ आहे, हे बेलाशक म्हणतो. पण च्येनलोंगच्या कविता छापून सांभाळल्या गेल्याच ना?

आणि या ढिगाला परके रसिक भेटले ते फार मजेशीर रीतीने. 'मी टोमॅटो खातो' असं टोपणनाव असलेल्या लेखकाची एक कादंबरी आहे, पडीक सरदार घराण्यातला मुलगा आणि त्याच्या अंगठीत राहणारा म्हातारा जादूगार यांची. ८०६ प्रकरणं. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्यातल्या एका तरुण अधिकाऱ्याने ती हौसेखातर इंग्रजीत आणायला घेतली, चिन योंग या लेखकाच्या कादंबरीतल्या एका पात्राचं नाव स्वतःला घेऊन. २०१४च्या डिसेंबरात त्याने वुशियावर्ल्ड नावाची वेबसाइट काढली. वाचक प्रकरणामागे प्रकरण मागू लागले, पैसे पाठवून आणखी प्रकरणं काढून घेऊ लागले, आणि पुढच्या वर्षी त्याने सरकारी नोकरी सोडली. हॉक्सनंतर नोकरी सोडणारा हा दुसरा. एकाने अठराव्या शतकातल्या अभिजात कादंबरीसाठी सोडली, दुसऱ्याने अंगठीतल्या जादूगारासाठी, आणि मला दोघांबद्दल सारखाच आदर आहे.

सिनेमाकडे आलं की आकडे आणखी सुटतात. २०२४ अखेर चीनमध्ये ९० हजारांहून अधिक पडदे होते. झेजियांग प्रांतात हेंगदियान नावाचं गाव आहे. १९९६ मध्ये 'अफूचं युद्ध' या चित्रपटासाठी तिथे जुन्या ग्वांगझौचा एक रस्ता उभारला गेला. नंतर चीनच्या पहिल्या सम्राटाचा महाल आला, मग बीजिंगचा राजवाडा खऱ्याच मापाचा. नाव नोंदवलेले एक्स्ट्रा लाखावर. ज्या राजवाड्यात प्रवेशाची सक्त बंदी होती त्याची जुळी इमारत भाड्याने मिळते.

२९ जानेवारी २०२५ ला, चिनी नववर्षाच्या दिवशी, 'नेझा २' लागला. कमाई १,५४० कोटी युआन, म्हणजे २०० कोटी डॉलरहून जास्त. तिकिटं ३२ कोटींवर. एकाच देशात एवढा धंदा त्याआधी कुठल्याच चित्रपटाने केला नव्हता. काम केलं १३८ कंपन्यांमधल्या चार हजारांवर माणसांनी. दिग्दर्शक जियाओझी औषधनिर्माणशास्त्र शिकलेला. नोकरी सोडून त्याने पहिला सोळा मिनिटांचा लघुपट घरी बसून केला, त्याला साडेतीन वर्षं लागली, आणि तेवढा काळ घर चाललं आईच्या महिना हजार युआन पेन्शनवर. चार हजारांच्या आकड्यापेक्षा हा हजाराचा आकडा मला जास्त बोलका वाटतो.

नेझा आपल्याला अगदीच अनोळखी नाही. चिनी पुराणात त्याचा बाप हातात मनोरा धरणारा देव-सेनापती आहे, आणि अभ्यासक त्याचं मूळ वैश्रवण कुबेरात शोधतात. कुबेराचा मुलगा नलकूबर, तोच तिकडे नेझा झाला. नारदाच्या शापाने यमलार्जुनाचं झाड होऊन गोकुळात उभा राहिलेला, बाळकृष्णाच्या उखळाने सुटलेला तो नलकूबर बौद्ध ग्रंथांच्या गुंडाळ्यांतून चीनला गेला आणि पायाखाली अग्निचक्रं घेऊन आता तिकीटबारीवर बसला आहे.

'नेझा २'च्या कमाईत चीनबाहेरच्या प्रेक्षकांचा वाटा काही टक्क्यांपलीकडे जात नाही. परक्या रसिकाने हे नीट समजून घ्यावं असं मला वाटतं. हा डोंगर आपल्यासाठी उभा केलेला नाही, आपल्या पसंतीवाचून त्याचं अडत नाही. त्यामुळे इथे पाहुण्यांसाठी मांडून ठेवलेलं काही नसतं, तळटीप नसते, आणि म्हणूनच मजा येते. उलट बाजूने आपलीही कधीतरी चलती असते: २०१७ मध्ये 'दंगल'ने चीनमध्ये १२९ कोटी युआन मिळवले, भारतातल्या कमाईपेक्षा कितीतरी जास्त. आणि या सगळ्या पडद्यांना आता खिशातला पडदा भारी पडतो आहे. एकेक-दोनदोन मिनिटांचे ऐंशी-शंभर भाग असलेल्या, उभ्या मोबाइलवर बघायच्या लघुमालिकांची २०२४ची बाजारपेठ पाच हजार कोटी युआनच्या पुढे धरली गेली. त्याच वर्षी चित्रपटगृहांचा गल्ला होता ४,२५० कोटी.

एक मोजणी राहिली, आणि ती मला यातली सर्वांत विलक्षण वाटते. सहाव्या शतकापर्यंत चीनमध्ये दोनदा बौद्ध धर्माचा मोठा छळ झाला, ग्रंथ जाळले गेले. सातव्या शतकाच्या सुरुवातीला जिंगवान नावाच्या भिक्षूने बीजिंगच्या नैर्ऋत्येला, फांगशानच्या डोंगरात, धर्मग्रंथ दगडावर कोरायला घेतले. कागद जळतो, दगड जळत नाही, इतका साधा विचार. तो वारला, शिष्यांनी काम पुढे नेलं, त्यांच्या शिष्यांनी त्यांच्या पुढे. एका तांग राजकन्येने सम्राटाकडे शब्द टाकून चार हजारांवर गुंडाळ्या कोरण्यासाठी मूळ प्रत म्हणून पाठवल्या. तांग गेले, ल्याव आले, जिन आले, युआन आले, मिंग आले. कोरणं अधूनमधून थांबत हजार वर्षं चाललं. भरलेल्या गुहा बंद केल्या गेल्या, जागा संपली तेव्हा खाली देवळाजवळ खड्डा खणून शिळा पुरल्या गेल्या.

ज्यांनी कोरलं त्यांच्यापैकी कोणाकडेही एकूण बेरीज नव्हती. ती १९५०च्या दशकात झाली, शिळा बाहेर काढून ठसे घेतले गेले तेव्हा: नऊ गुहांमध्ये ४,१९६, जमिनीखाली १०,०८२, एकूण १४,२७८ शिळा आणि साडेतीन कोटी अक्षरं. मग एक नवीच अडचण उभी राहिली. आठशे-नऊशे वर्षं मातीत धड राहिलेले दगड बाहेरच्या हवेत झिजू लागले. शेवटी नायट्रोजन भरलेलं तळघर बांधून त्या १०,०८२ शिळा पुन्हा पुरायचं ठरलं. मुहूर्त काढला गेला ९ सप्टेंबर १९९९, सकाळी ९ वाजून ९ मिनिटं ९ सेकंद.